शेगडीची तीन कोटेशनं

न्यूनेन या डच गावातल्या आमच्या घरात उदबत्तीचा धूर कधी सरळ वर गेला नाही. देवघराच्या कोपऱ्यातून निघाला की तो वीतभर चढायचा, मग काहीतरी आठवल्यासारखा थबकायचा आणि आडवा होऊन जेवणाच्या टेबलावरून थेट स्वयंपाकघरात शिरायचा. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. शाळा बंद होती, त्यामुळे धुराकडे बघत बसायला वेळच वेळ होता. एकदा बाबांना विचारलं तर ते म्हणाले, हवा असते गं. हवेला स्वयंपाकघरातच काय काम असतं, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं आणि त्यांची मीटिंग सुरू होती. आईला विचारलं तर ती म्हणाली, धुरालासुद्धा भूक लागते. मोठ्या माणसांना एखादी गोष्ट माहीत नसली की ती एक तर विज्ञान सांगतात नाहीतर विनोद करतात, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. आता मी स्वतः तेच करते.

त्या घराचा मुख्य आवाज म्हणजे ओट्यावरचा एक्झॉस्ट. आई तेल तापत ठेवायच्याही आधी तो लावायची, तोही शेवटच्या नंबरावर, आणि जेवणं होऊन भांडी विसळेपर्यंत तो घरघरत राहायचा. त्यामागे एक चिठ्ठी होती. आम्ही आधी डीमनला फ्लॅटमध्ये राहायचो तेव्हा कुणीतरी आमच्या दारावर चिकटवली होती. अगदी सभ्य भाषेत, तुमच्या स्वयंपाकाचा वास जिन्यात येतो, तेवढं बघाल का, एवढंच. बाबांनी ती चुरगाळून टाकली. आईने ती उचलून सरळ करून ठेवली, कुणाला दाखवली मात्र नाही, पण त्या दिवसापासून आमच्याकडे फोडणी चोरून होऊ लागली. न्यूनेनला आमचं घर आणि योकेबाईंचं घर एकाच भिंतीला लागून होतं. योकेबाई एकट्या राहायच्या, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या होत्या, आणि त्यांनी आमच्या वासाबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. पण आईचं म्हणणं, त्यांनी काढायची वेळच कशाला आणायची.

महामारीच्या अगदी पहिल्या लाटेत योकेबाईंना रुग्णवाहिकेतून नेलं. आम्ही पडद्याआडून पाहिलं आणि पाहिल्याची लाज वाटली. कित्येक आठवड्यांनी त्या परत आल्या तेव्हा निम्म्या झाल्या होत्या. जिना एका दमात चढवत नव्हता म्हणून त्या वरच्या खोलीतच खिडकी सताड उघडी टाकून खुर्चीत बसलेल्या असायच्या. डॉक्टरांनी मोकळी हवा घ्यायला सांगितली होती. आई त्यांच्या दाराशी वरणभाताचा डबा ठेवून, घंटा वाजवून, दीड मीटर मागे सरून उभी राहायची, आणि त्यांच्याकडे येणारी मदतनीस तो वर न्यायची. एकदा त्यांनी मला खिडकीतून सांगितलं की त्यांना ना वास येतो ना चव. फक्त गरम-गार आणि मऊ-कडक कळतं. वरणभात गरम आणि मऊ असतो, म्हणून आवडतो. मी हे आईला सांगितलं. आई हळहळली आणि घरी येऊन तिने एक्झॉस्ट शेवटच्या नंबरावर लावला.

आता अण्णा. अण्णा म्हणजे आईचे वडील. कराडकडच्या आमच्या आजोळी ते गुऱ्हाळांची चुलवाणं बांधायचे. उसाचा रस आटवायची ती प्रचंड काहील ज्या जमिनीतल्या भट्टीवर बसते ती भट्टी, आणि तिचं धुराडं. पंचक्रोशीत अण्णांनी बांधलेलं चुलवाण धुमसत नाही, असा लौकिक होता. आजी गेल्यानंतर आईने हट्टाने त्यांना दोन महिन्यांसाठी बोलावून घेतलं, आणि दोन महिने संपायच्या आत विमानं बंद झाली. त्यांच्या राहण्याची मुदत वाढवून मिळाली, पण त्यांचं मन काही वाढवून मिळेना. ते स्वेटर, मफलर, कानटोपी अशा जामानिम्याने भर मे महिन्यात रेडिएटरपाशी खुर्ची ओढून बसायचे आणि दिवसातून दहादा म्हणायचे, थंडी वाजती. त्या वर्षी ऊन काय सुरेख पडलं होतं. अण्णा काचेतून बघायचे आणि म्हणायचे, ऊन हाय, पर तापत न्हाई. मग मायदेशी नेणारी खास विमानं सुटणार असल्याची बातमी आली आणि त्यांनी बाबांना यादीत आपलं नाव घालायला लावलं. फोन कोणत्याही दिवशी येणार होता.

आईची झोप उडाली. गावच्या घरात ते एकटे, वय सत्तरीपुढचं, आणि आजार शहरांतून गावांकडे निघालेला. ते गेले तर परत दिसतील का, एवढाच प्रश्न होता आणि तो घरात कुणीही मोठ्याने उच्चारत नव्हतं. आईने त्याऐवजी भलताच निष्कर्ष काढला. अण्णांना इथे जाळ नाही, म्हणून करमत नाही. जन्म विस्तवापुढे गेलेला माणूस, त्याला रेडिएटर काय पुरणार. बैठकीच्या खोलीत लाकडाची शेगडी बसवायची, खरीखुरी, काचेच्या दाराची, धुराडं छपरातून वर काढून. मग अण्णा हिवाळाभर राहतील. बाबा म्हणाले, किती खर्च येतो ते आधी बघू. आमच्याकडे कुठलंही मोठं संकट आलं की बाबा एक्सेल उघडायचे.

महामारी असल्यामुळे शेगडीवाले घरी येत नव्हते. फोनच्या कॅमेऱ्यातून घर दाखवायचं आणि ते त्यावरून कोटेशन पाठवणार. आता कॅमेऱ्यातून का होईना, परका माणूस घर बघणार म्हटल्यावर आईने दोन दिवस घर आवरलं. पसारा म्हणून जे जे होतं ते पोटमाळ्यावर गेलं. पोटमाळा तर आधीच भरलेला होता. दुकानांतून सामान गायब होईल म्हणून भरलेली तूरडाळीची नि कणकेची पोती, बॅगा, आकाशकंदील, आणि छपरातल्या खिडकीखालच्या उन्हात अंथरलेल्या चादरीवर आई नि अण्णांनी घातलेल्या कुरडया आणि सांडगे. तेव्हा तो जिना दाखवायचाच नाही असं ठरलं. बोलणं नीट ऐकू यावं म्हणून एक्झॉस्ट बंद केला. स्वयंपाक सकाळीच उरकून ओटा पुसून ठेवला. बाबा वर ऑफिसचा शर्ट आणि खाली बर्म्युडा अशा त्या दिवसांतल्या रीतसर पोशाखात फोन घेऊन घरभर फिरले.

पहिल्याने अठ्ठावीसशे युरो सांगितले. दुसऱ्याने साडेचार हजार. बाबांनी पहिल्याशी घासाघीस करून आणखी दोनशे उतरवले आणि संध्याकाळभर खुशीत होते. तिसरा माणूस वयस्कर होता, हर्मन नावाचा. त्याने पोटमाळा दाखवा म्हटलं. बाबा म्हणाले, तिथे काही नाही, रिकामा आहे. हर्मन म्हणाला, मग मी येऊन बघतो, न बघता मी किंमत सांगत नाही. बाबांना हे अजिबात आवडलं नाही. साधं उत्तर देत नाही म्हणजे हा शेवटी महागात पडणार, असं म्हणून त्यांनी त्याच्या नावापुढची चौकट लाल रंगवली.

दोन्ही कोटेशनं डच भाषेत. अण्णांनी ती मला वाचून दाखवायला सांगितली. मला इथे एक कबुली द्यायला हवी. त्या वयात मला मराठी सगळं कळायचं, पण आई-बाबांनी मराठीत विचारलं की मी डच किंवा इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचे. अण्णांपुढे ते चालेना, कारण त्यांना दोन्ही येत नव्हत्या. मी अडखळत सांगायचे आणि ते शब्द पुरवायचे. पाइप म्हटलं की ते म्हणायचे, धुराडं. हवा वर खेचली जाते त्याला काय म्हणायचं, तर ओढ. काजळी, चिपाडं, राख, निखारा, फुंकणी असे कितीतरी शब्द मला त्या आठवड्यात मिळाले. आज मी हे सगळं मराठीत लिहिते आहे, याचं बरंचसं श्रेय त्या दोन रुक्ष कागदांना आहे. किंमत अण्णांनी विचारलीच नाही. त्यांचे प्रश्न वेगळेच होते. धूर कुठनं जाणार, वारा कुठनं येणार, राख कोण काढणार. बाबांच्या तक्त्यात यांतला एकही रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी कणकेच्या पोत्याची सुतळी उसवली, हातभर अंतरावर गाठी मारल्या, टोकाला चमचा बांधला आणि पोटमाळ्याच्या खिडकीतून खाली सोडली. मी बागेत उभी राहून चमचा जमिनीला टेकला की ओरडायचं, असं काम होतं. मग त्यांनी गाठी मोजल्या, कागदावरची लांबी मला पुन्हा वाचायला लावली, आणि त्या वर्षात पहिल्यांदाच खदखदून हसले. अठ्ठावीसशेवाल्याचं धुराडं आमच्या कुरडयांत येऊन संपत होतं. त्याने घर दुमजली धरलं होतं. त्याचा काय दोष, आम्ही त्याला तिसरा मजला दाखवलाच नव्हता. बाबांनी सुतळीकडे पाहिलं, तक्त्याकडे पाहिलं आणि निमूटपणे हर्मनला फोन लावला.

हर्मन आला तो मास्क लावून, हातात टोपी, आणि बूट दारातच काढून. एवढ्यावरच आईने त्याला पास केलं. बाबा वर मीटिंगमध्ये होते आणि आईला डच जेमतेमच यायचं, त्यामुळे दुभाषी मी. त्याने पहिलं काय सांगितलं असेल, तर तुम्ही रोज जसं राहता तसं राहा. आईने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि तिने एक्झॉस्ट लावून वरणाला फोडणी घातली. हर्मनने खिशातून एक धूर सोडणारी काडी काढून पेटवली आणि शेगडीची जागा ठरली होती त्या कोपऱ्यात धरली. अण्णा त्याच्याकडे टक लावून बघत होते. मग ते उठले, देवापुढची उदबत्ती उचलली आणि दीड मीटर सोडून त्याच्या शेजारी उभे राहिले. दोन म्हातारे, दोन धूर, आणि दोन्ही धूर मान वळवून स्वयंपाकघराकडे निघाले. अण्णांनी आईला खूण करून एक्झॉस्टचं बटण बंद करायला लावलं. धूर सरळ वर गेला. पुन्हा लावलं, पुन्हा आडवा. इतके महिने मी विचारत होते त्याचं उत्तर हे होतं, आणि मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली.

हर्मनला आनंद झाला नव्हता. त्याने मला नीट समजावून सांगितलं आणि मी ते नीट अण्णांना सांगितलं. घर घट्ट बंद आहे. पंखा हवा बाहेर फेकतो, तेवढी हवा कुठूनतरी आत येणार. शेगडी पेटलेली असताना पंखा लावला तर तो धुराड्यातूनच हवा खाली ओढेल, आणि तिच्याबरोबर एक वायू येईल ज्याला वास नसतो. माणसं झोपतात ती उठत नाहीत. कॅमेऱ्यात पंखा बंद होता म्हणून हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मग तो पोटमाळ्यावर गेला, कुरडया ओलांडत, दोन्ही हात वर धरून, अगदी जपून. तिथे बरोबर मध्ये एक तुळई होती, म्हणजे धुराडं वळवावं लागणार. बाहेरून शेगडीला स्वतंत्र हवेची नळी, पंख्याला जोडलेला वेगळा स्विच, छपराच्या माथ्यावर आणखी उंची. सगळं मिळून सात हजारांच्या वर. तेवढ्या दिवसांत आम्ही ज्या घराच्या शेगडीची किंमत काढत होतो, तिथे कुणी राहतच नव्हतं. हे ज्यात आम्ही राहत होतो त्याचं कोटेशन होतं.

आई खाली होती. पोटमाळ्यावर आम्ही तिघेच. हर्मनने छपरातली खिडकी उघडली आणि धुराडं कुठे निघेल ते दाखवलं. अण्णा डाळीच्या पोत्यावर चढून डोकं बाहेर काढून बराच वेळ बघत राहिले. समोरच्या झाडाची पानं कुठल्या बाजूला झुकतात ते पाहिलं. मग खाली पाहिलं. त्याच बाजूला, हाक मारायचीही गरज नाही इतकी जवळ, योकेबाईंची उघडी खिडकी होती आणि आत त्या खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. श्वास घेणं हेच त्यांचं दिवसभराचं काम होतं. अण्णा म्हणाले, चुलवाण बांधायला गेलं की मी पहिल्यांदा इचारायचो, वाऱ्याखाली कुणाचं घर हाय. मग मला म्हणाले, ह्या माणसाला इचार, त्या खिडकीत त्याचं माणूस असतं तर त्यानं हे बसवलं असतं का.

मी विचारलं. नियमात बसतं, असं हर्मनने आधी सांगितलं. या वर्षी त्याच्याकडे कामंही फारशी नव्हती, तेही त्याने सांगितलं. आणि मग म्हणाला, नाही, त्या खिडकीत माझी बहीण असती तर मी बसवलं नसतं.

तेरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात एका क्षणात किती हिशेब होतात ते आठवून मला आजही नवल वाटतं. शेगडी नाही तर अण्णा नाहीत. अण्णा गेले तर आई. मी अण्णांकडे न बघता म्हणाले, "तो म्हणतोय, चालेल."

अण्णा पोत्यावरून सावकाश खाली उतरले. "त्याचं तोंड बघितलंय मी," ते म्हणाले. "चालेल म्हणणारा माणूस टोपी अशी हातात चुरगाळत न्हाई."

मला रडू फुटलं आणि जे घरात कुणी बोलत नव्हतं ते मी सगळं बोलून टाकलं, मराठीत, एका दमात. शेगडी आली नाही तर तुम्ही जाल. तिकडे आजार आहे. तुम्ही गेलात तर मरून जाल. हर्मनला शब्द कळत नव्हता, पण तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

"शेगडी मी मागितली हुती?" अण्णांनी विचारलं.

मी म्हटलं, तुम्हीच तर थंडी वाजते म्हणता. त्यांनी एक कुरडई उचलून वाळली का ते पाहिलं आणि परत ठेवली.

"थंडी तर वाजतीच. पर लेकीच्या घरात बाप आपणहून राहत न्हाई, पोरी. जावयानं म्हणावं लागतं, राहा म्हणून. तुझा बाप लई भला हाय. त्यो नुसते कागद आणतोय."

मी तशीच जिना उतरून बाबांच्या खोलीत घुसले. त्यांची मीटिंग चालू होती, त्यांनी हाताने थांब म्हटलं, मी लॅपटॉपचं झाकण लावलं. हे मी आयुष्यात एकदाच केलं आहे. सगळं ऐकल्यावर बाबा चक्रावून म्हणाले, हे काय सांगावं लागतं का. त्यांना खरंच वाटत होतं की सांगावं लागत नाही. सात हजारांपर्यंत जायची त्यांची तयारी होती, ते मला नंतर तक्त्यात दिसलं, पण एवढं एक वाक्य बोलायचं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. जावई म्हणून आपल्याला असा काही अधिकार आहे, हे पुण्यात वाढलेल्या त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ते उठले, बर्म्युडावरच खाली गेले. अण्णा रेडिएटरपाशी बसले होते, हर्मन चहा पीत होता, आई ओट्याशी पाठमोरी उभी होती.

"अण्णा," बाबा म्हणाले, "तुम्ही जाऊ नका. आमच्याकडे राहा. मला हवे आहात तुम्ही."

अण्णा म्हणाले, "बरं."

आईने एक्झॉस्ट लावला. ओट्यावर काहीच शिजत नव्हतं. आम्हाला तिची पाठच दिसत होती, आणि कुणी तो बंद करायला सांगितलं नाही. हर्मनने येण्याजाण्याचे पैसे घेतले नाहीत. जाताना आईने त्याला कुरडयांची पिशवी दिली आणि त्या कशा तळायच्या ते मी त्याला दोनदा समजावलं.

चार दिवसांनी विमानासाठी फोन आला. बाबांनी ती जागा दुसऱ्या कुणाला द्या म्हणून सांगितलं. तिकडे पावसाळा संपता संपता आजार आमच्या आजोळी पोचला. एका आठवड्यात अण्णांच्या हाताखाली विटा रचणारे दोघे गेले, त्यांपैकी एक समोरच्याच घरातला. बातमी आली त्या संध्याकाळी अण्णांनी कानटोपी काढून घडी करून ठेवली आणि आईला म्हणाले, तो पंखा बंद कर, डोकं उठतंय. आई म्हणाली, वास जातो हो शेजारी. अण्णा म्हणाले, त्या बाईला वासच येत न्हाई, मग लपवतीस कुणापासनं. आईने पंखा बंद केला. तेव्हापासून आमच्याकडे खिडकी उघडून फोडणी होऊ लागली, आणि उदबत्ती सरळ वर जाऊ लागली.

मग एका दुपारी योकेबाई कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. जिना उतरून, आपल्या पायांनी. आईने नुकतीच लसूण-हिंगाची फोडणी आमटीवर ओतली होती. आम्ही तिघं बागेत आलो. योकेबाईंनी डच भाषेत घाईघाईने काहीतरी सांगितलं. अण्णांनी विचारलं, काय म्हणती ती.

मी शब्द न शब्द सांगितला. "त्या म्हणतायत, तुमच्या घरातून वास येतोय."

आईचा चेहरा पांढराफटक पडला. तिला डीमनचं दार दिसत होतं, हे मला कळलं, म्हणून पुढचं मी तिच्याकडे बघून सांगितलं.

"सहा महिन्यांतला पहिला वास आहे, म्हणतायत. खिडकी लावू नका."